पान ११७ वरची पेन्सिल

नांदुरा
६ जानेवारी २०२५

मयुरी वहिनी,

जय भीम.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला आहे. आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून देता. म्हणून रजिस्टर पोस्टाने लिहिते आहे. पोचपावती माझ्याकडे परत येते, त्यामुळे पत्र मिळालं नाही असं पुढे म्हणता येणार नाही.

काम एकच आहे. जिल्ह्याच्या महिला उद्योग वाढ निधीसाठी केलेला आपल्या वर्कशॉपचा अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. आपल्या म्हणजे कागदावर तुमच्या. 'सहदेव मोटार वाइंडिंग, स्टेशन रोड, नांदुरा. मालक: सौ. मयुरी प्रेमानंद तायडे.' निधीतून वाइंडिंग मशीन, वार्निश सुकवायची भट्टी आणि टेस्टिंग पॅनेल मिळेल. आज मी नव्या तारेने भरलेल्या मोटारींचं वार्निश उन्हात सुकवते. ढग आले की काम थांबतं. गेल्या महिन्यात सात मोटारी भरायला वेळ नाही म्हणून परत पाठवल्या, त्या मलकापूरला गेल्या. मशीन मिळालं नाही तर मार्चनंतर मी शटर पाडून पुन्हा चाकणच्या कंपनीत जाणार. ही धमकी नाही. हातांनी दिवसाला दीड मोटार होते, त्यात वर्कशॉप चालत नाही.

स्थळपाहणी १२ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजता आहे. मालकीण हजर लागते आणि तिने काम दाखवावं लागतं, कारण बायकोच्या नावावर अर्ज टाकून नवऱ्यांनी मशीन उचलल्याचे प्रकार झाले आहेत. तुम्हाला एक दिवस यावं लागेल. पहाटेच्या गाडीने मेहकर, तिथून खामगाव, तिथून इकडे. साडेदहापर्यंत पोचता येतं, मी स्टँडवर चौकशी केली आहे. खुर्चीवर बसायचं, विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचं, चार वाजता परत निघायचं.

मोटारीचं काम तुम्हाला येत नाही हे मला माहीत आहे. मी चाकणला होते तेव्हा दीड वर्ष तुम्ही बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून वहीत आकडे लिहिले आणि दोरे ओवले. तेवढ्यावर भागवू. उत्तरं मी लिहून पाठवते.

अर्जावर तुमची सही कशी आली असा प्रश्न पडेल. तो तूर्त बाजूला ठेवा.

आणखी एक. वर्कशॉप तुमच्या नावावर दादाने केलं. 'मंजू उद्या लग्न होऊन जाईल, कागद घरात राह्यले पाह्यजेत,' असं त्याचं म्हणणं होतं. दादा आता पुण्यात, तुम्ही लोणारला माहेरी. बाबा गेल्यापासून तीन वर्षं इथे मी आहे.

आईने तिळाचे लाडू पाठवायला सांगितले आहेत. पाकिटाचं वजन वाढतं, म्हणून पाठवत नाही.

मंजुश्री


नांदुरा
१७ जानेवारी

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. 'येतो. पण आधी शालिग्रामभाऊले सांगा का आकडा मी चुकीचा लिहिला नव्हता. मंग येतो.' एवढंच. तारीख घातलेली नाही.

विषय तुम्ही काढला आहे, तर तो नीट मांडते. शालिग्रामभाऊ वडनेरचे, विहिरीवर पाच एचपीची मोटार, खाली मिरची. ऑक्टोबरात मोटार जळून आली. मी जुनी कॉइल कापली, तारेचे वेढे मोजले, तुम्हाला आकडा सांगितला, तुम्ही वहीत लिहिला. मी मोटार भरून दिली. एकोणीस दिवसांत जळली. वहीतला आकडा बघून पुन्हा भरली. तेवीस दिवसांत जळली. नोव्हेंबरात ते दुकानात उभे राहून चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "माही मिरची उभ्यानं वायली! काय इंजिनेर झाली वं तू? तुह्या बापानं भरलेली माही जुनी मोटार बारा वर्सं चालली, अन् तुही पंधरा दिवस नाई!"

मी वहीचं पान ११७ उघडलं. तिथे फक्त ४६ होते. अक्षर तुमचं. मी म्हणाले, "आकडा वहिनीने चुकीचा उतरवला, यांना मोटारीचं तोंड कुठं अन् शेपूट कुठं ते कळत नाही." तुम्ही हातातला दोरा ठेवला आणि आत गेलात. दुसऱ्या दिवशी लोणारच्या गाडीत बसलात.

यात शालिग्रामभाऊंकडे जाऊन सांगण्यासारखं मला काही दिसत नाही. अक्षर तुमचंच आहे. तुमची अट मला मान्य नाही. तरीही तुम्ही याल असं धरून चालते, कारण मशीन आलं तर ते कागदावर तुमचंच असेल, आणि एवढं तुम्हालाही समजतं.

समिती साधारण काय विचारते ते मागच्या फेरीतल्या दोघींना विचारून घेतलं. उत्तरं पाठ करा, शब्द बदलू नका.

एक. काम कधीपासून करता? सासऱ्यांकडून शिकले, पाच वर्षं झाली.

दोन. गिऱ्हाईक कुठलं? नांदुरा तालुक्यातले शेतकरी, विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी.

तीन. मशीनने काय फरक पडेल? दिवसाला दीडच्या जागी चार मोटारी. कॉइल एकसारखी येते.

चार. जळालेल्या मोटारीचं काम कुठून सुरू करता? जुनी कॉइल कापून, वेढे मोजून आणि तारेची जाडी मापून. तेवढेच वेढे, तीच तार पुन्हा भरायची. मोजमाप अचूक असेल तर मोटार चुकत नाही.

पाच. सोबत कोण? नणंद मदतीला असते.

हे पाचवं लिहिताना मला काय वाटलं ते तुम्हाला सांगण्याचं कारण नाही.

मंजुश्री


नांदुरा
२९ जानेवारी

वहिनी,

दुसरं कार्ड मिळालं. 'चार नंबरचं उत्तर चूक हाय. आधी गाठ पाहा लागते. बाबा असते तं तुमच्या बोटावर फुटपट्टी हानली असती, इंजिनेर बाई.'

टोमणा पोचला. पहिल्या दिवशी मी ते कार्ड फायलीत लावून टाकलं. मी तीन वर्षांची पदविका केली आहे. कॉइलला बांधणीचा दोरा असतो तो वेढे हलू नयेत म्हणून, त्याच्या गाठीचा विजेशी काही संबंध नाही. हे मी तुम्हाला ऑक्टोबरातही सांगितलं होतं. तुम्ही त्या जळक्या मोटारीवर वाकून म्हणाला होतात, "ताई, हे गाठ पाहा बरं," आणि मी म्हणाले होते, "गाठी तुम्ही साडीच्या पदराला बघा."

तिसऱ्या दिवशी माळ्यावरचं पोतं काढलं. कापलेल्या कॉइल मी चिठ्ठी लावून ठेवते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्याला माझं भंगाराचं म्युझियम म्हणायचा. शालिग्रामभाऊंच्या मोटारीतून ऑक्टोबरात काढलेली कॉइल सापडली. दोऱ्याचे तुकडे अजून चिकटलेले होते. कंपनीची बांधणी मशीनची असते, टाका एका मापाचा, गाठ फक्त शेवटी. या दोऱ्याला दर चौथ्या खाचेला गाठ आहे, आणि ती डावरी आहे, बाबांची नव्हे.

म्हणजे मोटार आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी एकदा हाताने भरलेली होती. त्याने तांबं वाचवायला वेढे कमी घातले. बाबांच्या वहीत पान ३१ वर हीच कंपनी, गाभ्याची हीच लांबी, पाच एचपी: ५२ वेढे. त्याने ४६ घातले. मी ते ४६ बरोबर मोजले आणि बरोबर ४६ भरले. दोनदा. मोटार रिकामी, पंप न जोडता, चालवून पाहिली तेव्हा करंट ४.६ अँपिअर दिसत होता, तीनच्या आसपास हवा होता. स्टेशन रोडला व्होल्टेज चढं असतं, असं मी स्वतःला समजावलं.

तेव्हा चौथं उत्तर असं बदला: आधी बांधणी बघायची. गाठ कंपनीची नसेल तर मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, वहीतून मूळ आकडा काढायचा.

तांत्रिक चूक माझी आहे. लिहून देते.

शालिग्रामभाऊंचा मुद्दा मात्र वेगळा. समिती पाहणीआधी गिऱ्हाइकांकडे विचारपूस करते. वर्कशॉपने एकच मोटार दोनदा जाळली आणि खापर घरच्याच बाईवर फोडलं, ही गोष्ट आज वडनेरला पोचली तर उद्या बुलढाण्याला पोचेल. मंजुरी येऊ द्या. नंतर मी जाऊन सांगते. लेखी हवं असेल तर हे पत्रच लेखी समजा.

मंजुश्री


नांदुरा
१३ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही काल काय केलंत ते क्रमाने लिहिते, म्हणजे नंतर कुणाला आठवणीवर विसंबावं लागणार नाही.

दहा पस्तीसला आलात. आईच्या पाया पडलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. तुमच्यासाठी मी खुर्ची पुसून ठेवली होती, तुम्ही बाबांचं स्टूल ओढून त्यावर बसलात. अकराला समितीच्या पुष्पांजली मॅडम, हरिओम साहेब आणि फोटो काढणारे गृहस्थ आले.

एक ते तीन तुम्ही ठरल्याप्रमाणे बोललात. चौथ्याला मॅडम म्हणाल्या, "तोंडी नको, करून दाखवा." मी पुढे होत होते, तोवर तुम्ही कोपऱ्यातल्या तीन एचपीच्या मोटारीचं झाकण उघडलंही होतं.

"हे पाहा मॅडम. हा दोरा मशीनचा हाय. म्हणजे कंपनीचं पोट अजून कोनी उघडलं नाई. याचा आकडा घ्यायचा. अन् इथं गाठीच गाठी असत्या तं नसता घेतला."

"का?"

"गाठ मारनाऱ्यानं काय खाल्लं अन् काय ठुलं, ते आपल्याले काय ठाऊक?"

हरिओम साहेब हसले. मग तुम्ही मी भरून ठेवलेला कॉइलचा एक संच दोऱ्याने बांधून दाखवलात. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं. मला सतरा लागतात. दीड वर्षात नुसते दोरे ओवून हे येत नाही. बाबा तुम्हाला शिकवत होते आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

इथपर्यंत मशीन आपलं होतं. हरिओम साहेबांनी शेरा लिहायला पेन उघडलं होतं, मी ते पाहिलं.

मॅडमनी अर्ज काढला. "ही सही तुमचीच ना?"

तुम्ही कागद हातात घेतलात. उजेडाकडे धरलात.

"नाई."

"मग कुणाची?"

"ते त्या इंजिनेर बाईले विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं, सही मी केली. तुमच्या बँकेच्या फॉर्मवर कागद ठेवून, खिडकीच्या काचेवर धरून गिरवली. मालक तुम्ही, काम माझं, आणि तुम्ही फोन घेत नव्हता. हरिओम साहेबांनी पेनाला टोपण लावलं. पुष्पांजली मॅडम म्हणाल्या, "नवऱ्याचं दुकान बायकोच्या नावावर, असं रोज पाहते. नणंदेचं दुकान भावजयीच्या नावावर, हे पहिल्यांदा पाहिलं. आणि दोघींनाही काम येतं! काय म्हणावं तुम्हाला." अर्ज रद्द. माझ्याकडून लेखी माफी घेऊन प्रकरण तिथेच थांबवलं, ही त्यांची कृपा. पुढची फेरी एप्रिलमध्ये. एका धंद्यासाठी जिल्ह्यात एकच मशीन, सही स्वतःची.

तुम्हाला गप्प बसता आलं असतं. एक 'हो' पुरेसं होतं. पाच तासांचा प्रवास करून तुम्ही ते 'नाई' सांगायला आलात. मी हे विसरणार नाही.

दारात चपला घालताना तुम्ही जे बोललात तेही इथे लिहून ठेवते, कारण ते आईनेही ऐकलं: "माह्या नावाचं दुकान चालवता, माह्या नावाची सही ठोकता, चूक झाली तं तेही माह्याच नावावर. सोताच्या नावावर काई घेता का नाई, ताई?"

उत्तर द्यायला मला एक वाक्य सुचलं होतं. तोवर रिक्षा निघून गेली.

मंजुश्री


नांदुरा
२५ मार्च

वहिनी,

तुमचा लिफाफा पोचला. वर्कशॉपच्या मालकीवरून नाव काढण्याचा अर्ज, तुमच्या सहीचा. सोबत लोणारच्या नव्या दुकानाचं कार्ड: 'मयुरी मोटार वाइंडिंग, बस स्टँडजवळ.' चिठ्ठी नव्हती. अपेक्षितही नव्हती.

सही मी बँकेच्या फॉर्मशी ताडून पाहिली. 'म'ची गाठ तुम्ही उघडी ठेवता. मी गिरवताना ती बंद केली होती. मॅडमना ते दिसलं असणार.

मी शटर पाडलेलं नाही. चाकणच्या कंपनीला कळवलं की येत नाही. एप्रिलच्या फेरीत अर्ज करते आहे, माझ्या नावाने. तुम्हीही करणार, हे कार्डावरून कळतंच. मशीन एकच आहे. ते मलाच मिळावं यासाठी मी जे नियमात बसतं ते सगळं करीन. तुम्हीही करा.

शालिग्रामभाऊंकडे जाऊन आले. मोटार ५२ वेढ्यांनी पुन्हा भरून बसवून दिली, तुम्ही गेल्यावर ती तशीच पडून होती. विहिरीवर उभी राहून सांगितलं की चूक माझी होती, वहिनीची नव्हती, उलट तिने मला आधी सांगितलं होतं.

ते पाइपाला हात लावून पाणी बघत होते. म्हणाले, "मले काय करा लागते कोनाची चूक? मोटार चालून राह्यली ना?"

मी म्हटलं, चालते आहे.

"पन तुही भावजय माहेरी गेली त्या दिवशी स्टँडावर रडून राह्यली होती. म्या पाह्यलं. तिले सांगतलं का हे?"

सांगते आहे.

दोन गोष्टी आधी चुकीच्या लिहिल्या होत्या. पहिली: वर्कशॉप तुमच्या नावावर दादाने केलं असं मी लिहिलं. बाबांनी केलं. मी सुट्टीवर आले होते, चहा घेऊन दारात उभी होते. दादाने माझ्या लग्नाचं काढलं, पण बाबा त्याला म्हणाले, "लग्नाचं राहू दे. जे इथं बसते तिच्या नावावर कर." ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण त्या वेळी तिथे मी बसत नव्हते.

दुसरी गोष्ट पान ११७ ची. शालिग्रामभाऊंना मी वही दाखवली तेव्हा त्यावर फक्त ४६ होते असं लिहिलं. आदल्या संध्याकाळपर्यंत ४६ च्या बाजूला पेन्सिलने तुमच्या अक्षरात दोन शब्द होते: 'गाठ हाताची'. मी ते वाचले. समजले नाहीत, पण तुम्ही माझ्या आकड्यावर शंका घेतली आहे एवढं समजलं. मी ते खोडरबरने पुसले. म्हणजे दुसऱ्या दिवशी पान उघडताना मला माहीत होतं की तिथे आधी काहीतरी होतं.

हे तुमच्या लक्षात आलं असणार. त्या दिवशी तुम्ही आधी पानाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला तेव्हापासून ते आठवायला आवडत नाही.

बाबांची मूळ वही मी देणार नाही. तुम्ही मागितलीही नाही, पण लोणारला बसून वहीशिवाय मूळ आकडे कुठून काढाल? म्हणून सगळ्या दोनशे चार पानांची झेरॉक्स या पार्सलात आहे. तुमच्या हातात ती नसताना मशीन मिळालं तर ते मला नको. यातून मैत्रीचा अर्थ काढू नका. पार्सलात आईने कोपऱ्यात काही खुपसलं असेल तर ते माझ्या यादीत नाही.

पान ११७ ची झेरॉक्स आधी काढली तेव्हा पेन्सिलची जागा कोरी आली. खोडलं तरी पेन्सिलचा दाब कागदात राहतो, तो वहीत तिरप्या उजेडात दिसतो, पण झेरॉक्सला दिसत नाही. म्हणून वही घेऊन खिडकीपाशी बसले आणि त्या दाबावरून शाईने गिरवलं, मग झेरॉक्स पुन्हा काढली. तुमचं अक्षर मी दुसऱ्यांदा गिरवलं आहे. या वेळी 'हाताची'तला 'ह' सुद्धा तुम्ही काढता तसाच आला आहे, तपासून पाहा.

४६ वर काट मारून ५२ लिहिले आहेत. त्याखाली लिहिलं आहे: 'मोजणी चुकीच्या कॉइलवरून. चूक माझी.'

खाली सही आहे. ती माझीच आहे.

मंजुश्री सहदेव तायडे